मदत हवी आहे: कोस्टगार्डची केंद्रं बंद करण्याच्या बाजूने बोलायचंय, मुद्दे सुचवा

नमस्कार मंडळी,

मी वेल्समध्ये स्वान्सीला एम.ए. करतेय, विषय सार्वजनिक धोरण. पुढच्या गुरुवारी वर्गात वादविवाद आहे: २०१०-११ मध्ये ब्रिटिश सरकारने कोस्टगार्डची केंद्रं कमी करायला घेतली, ते योग्य होतं का? चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला नेमकी सरकारची बाजू आली. आमचं गाव अलिबागजवळ, आजोबा तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. विरोधी बाजू मी झोपेतसुद्धा मांडेन, ही कशी मांडू?

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: तेव्हा समुद्रावरून मदतीची हाक ऐकणारी १८ केंद्रं चोवीस तास चालायची. डिसेंबर २०१० च्या प्रस्तावात त्यांची ८ करायची होती, त्यातली ३ चोवीस तास आणि ५ फक्त दिवसा. किनाऱ्यावर गदारोळ झाला, सह्या, मोर्चे, सगळं. जून २०११ मध्ये संसदेच्या वाहतूक समितीनेही सुरक्षिततेबद्दल गंभीर शंका घेतली. जुलैत वाहतूकमंत्री फिलिप हॅमंड सुधारित योजना घेऊन आले. ‘फक्त दिवसा’वाली कल्पना गेली, पण क्लाइड, फोर्थ, लिव्हरपूल, यारमथ, थेम्स, पोर्टलंड, ब्रिक्सम आणि स्वान्सी बंद करायचं ठरलं. स्वान्सीची तर थट्टाच. पहिल्या प्रस्तावात स्वान्सी दिवसापुरतं का होईना राहणार होतं आणि मिल्फर्ड हेवन जाणार होतं. दुसऱ्यात बरोबर उलटं! स्वान्सीचं हे केंद्र (मंबल्स भागात होतं) २०१४ मध्ये बंद झालं.

माझं घोडं अडलंय ते ‘स्थानिक माहिती’ या मुद्द्यावर. इथून जवळ रॉसिलीला वर्म्स हेड नावाचा सुळका आहे. ओहोटीच्या आगेमागे अडीच-अडीच तास खडकांवरून चालत जाता येतं, मग वाट पाण्याखाली. मागच्या महिन्यात आम्ही गेलो तर परतताना शेवटच्या टप्प्यात बूट भिजले, आणि आमच्या मागे एक कुटुंब अजून निवांत फोटो काढत होतं. वेळा लिहिलेला फलक सगळ्यांनी वाचलेला होता, बरं का. अशा वेळी फोन घेणाऱ्याला ती वाट माहीत असणं आणि नसणं यात फरक पडणारच ना? आमच्या आजोबांच्या तोंडी खडपांची जी नावं आहेत त्यातली निम्मी कुठल्याच नकाशावर नाहीत. चौल कडू सापडेल, बाकीची कुठे शोधणार?

तर सरकारच्या बाजूने प्रामाणिकपणे काय बोलता येईल? ‘पैसे वाचतात’ सोडून सांगा, ते मी लिहिलंय.

प्रतिसाद १ (पनवेलकर)
सोप्पं आहे. भारताला नव्या मोजणीने अकरा हजार किलोमीटर किनारा आणि शोध-बचावाची मुख्य केंद्रं तीन: मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम). यांना १८ कशाला हवीत?

प्रतिसाद २ (जुना स्पार्क्स)
पनवेलकर, हा मुद्दा तिला देऊ नका, पहिल्याच फेरीत आपटेल. त्या तीनच्या हाताखाली आपल्याकडे उपकेंद्रं आहेत. शिवाय आपलं तटरक्षक दल हे सशस्त्र दल, त्यांची स्वतःची जहाजं. तिकडचं कोस्टगार्ड नागरी खातं. केंद्रात बसलेला माणूस हाक ऐकतो, जागा ठरवतो आणि कोणाला पाठवायचं ते बघतो. लाइफबोट बहुतेक करून आरएनएलआय या धर्मादाय संस्थेची असते.

मुली, तुझा पहिला मुद्दा इथेच आहे. बंद झाल्या त्या ऐकण्याच्या खोल्या. किनाऱ्यावरचे अँटेना राहिले, लाइफबोटी राहिल्या, कोस्टगार्डचे साडेतीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक गावोगावी राहिले. वर्म्स हेडची वाट दोर घेऊन उतरणाऱ्याला माहीत हवी, आणि तो तिथलाच आहे.

दुसरा मुद्दा याहून जड. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक केंद्र शेजारच्या एकाशी जोडलेलं, बस. एका बाजूला उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी फोन खाली ठेवायला उसंत नाही, आणि लांबचं तिसरं केंद्र माशा मारत बसलेलं, तरी त्याला हात लावता येत नाही. सगळी एका जाळ्यात आली की इकडचा भार तिकडे देता येतो. वाहतूक समितीसमोर आलेल्यांतही सुधारणा हवी म्हणणारे होतेच, त्यांना तो आराखडा पटत नव्हता. तू पहिल्या प्रस्तावाची बाजू घेऊच नकोस. २०११ च्या जुलैतल्या योजनेची घे. ‘रात्री कुलूप’ कोणालाच वाचवता येणार नाही.

आता माझं थोडं. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर. १ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस (जहाजांवरून मदतीचे संदेश पाठवायची जागतिक व्यवस्था) पूर्ण लागू झालं आणि आमची जमात संपली. बटण दाबलं की जहाजाची ओळख आणि जागा आपोआप जाते, मग मोर्स ऐकणारा कशाला? आम्हीही तेव्हा ‘माणसाचा कान’ वगैरे खूप बोललो. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण बुडणाऱ्याच्या दृष्टीने ती व्यवस्था जुन्यापेक्षा बरी होती. हे मी घरात बोलत नाही.

प्रतिसाद ३ (फालमथची सून)
ताई, समोरचे काय आणतील ते आधीच सांगते. आमच्या कॉर्नवॉलमध्ये लिझर्डला बास पॉइंट म्हणून कोस्टगार्डची टेहळणीची चौकी होती, ती खर्चकपातीत बंद केली. पुढे त्याच बंद चौकीच्या खाली दोन मच्छीमार बुडाले. त्यानंतर १९९४ मध्ये लोकांनीच ती चौकी पुन्हा उघडली आणि त्यातून नॅशनल कोस्टवॉच ही स्वयंसेवी संस्था उभी राहिली. तुमच्या रॉसिलीलाही त्यांची चौकी आहे. सरकारने सोडलेलं काम पेन्शनर मंडळी दुर्बीण घेऊन फुकट करतात, असं कोणी म्हटलं की वर्ग त्यांच्या बाजूला गेलाच समजा.

आणि फेअरम. कोस्टगार्डचं नवं राष्ट्रीय केंद्र जिथे आलं ती इमारत मुळात अग्निशमन दलासाठी बांधलेली. इंग्लंडमधल्या ४६ कंट्रोल रूमच्या जागी ९ करायच्या, असा तो प्रकल्प. डिसेंबर २०१० मध्येच गुंडाळला, निदान ४६.९ कोटी पौंड पाण्यात. म्हणजे हीच कल्पना एका खात्यात फसली त्याच महिन्यात दुसऱ्या खात्याने मांडली. याला उत्तर तयार ठेवा.

प्रतिसाद ४ (जुना स्पार्क्स)
उत्तर आहे. अग्निशमनचा प्रकल्प ४६ स्वतंत्र दलांच्या गळ्यात बांधायचा होता. कोस्टगार्ड आधीपासूनच एक खातं. टगचा, म्हणजे अडचणीतली जहाजं ओढणाऱ्या बोटींचा विषय निघाला तर त्यात शिरू नकोस. १९९३ मध्ये शेटलंडला ‘ब्रेअर’ टँकर फुटल्यानंतर ते आपत्कालीन टग आणले होते आणि २०११ मध्ये कमी केले. ते मला आजही चूक वाटतं, पण तो हिशेब वेगळा.

धागाकर्ती
काका, फालमथच्या सूनबाई, मनापासून आभार. भाषणाची सुरुवात बदलली: ‘लाइफबोट बंद झाली नाही’ इथून करतेय. बास पॉइंटला माझ्याकडे अजून उत्तर नाही. चौकीवरचा माणूस आणि खोलीतला माणूस वेगळे, असं म्हणता येईल, पण आजोबांना फोनवर म्हणून बघितलं तर ते म्हणाले, ‘बघणारा पण नको, ऐकणारा पण नको, मग ठेवलाय कोण?’

काका, ‘जागा आपोआप जाते’ हे लहान मासेमारी होड्यांनाही लागू आहे का? की ते मोठ्या जहाजांपुरतंच? समोर स्कॉटलंडचा एक मुलगा आहे, तो हे विचारणारच.

जुना स्पार्क्स
जीएमडीएसएसची सक्ती मोठ्या जहाजांना. लहान होडीवर तसा सेट असला तर जाते, नसला तर रेडिओच्या चॅनल १६ वर (मदत मागायची वाहिनी) तोंडाने सांगावं लागतं. त्या मुलाने विचारलं तर मान्य करून टाक आणि पुढे जा.