मणी आणायला थेट बँकॉक? भुलेश्वरचं काय बिघडलं?

गोंडेवाली:
सहा वर्षं घरून नथी, कुड्या आणि गोंड्यांचे दागिने करते. माल मुंबईतल्या भुलेश्वरचा, कधी पुण्यात गेले तर रविवार पेठेतला. या फेब्रुवारीत मैत्रिणीबरोबर बँकॉकला सांपेंगच्या बाजारात जाऊन आले. आल्यापासून घरात एकच टोमणा: "मणी आणायला विमान लागतं का?" माझं म्हणणं, लागतं. दागिने करणाऱ्या बाईने एकदा तरी तिथे जाऊन यावं.

सांपेंग म्हणजे तिथल्या चायनाटाउनमधली सोइ वानित १ ही गल्ली. दोन माणसं शेजारी चालली की गल्ली भरली, त्यातच ट्रॉलीवाला ओरडत येतो आणि मागून स्कूटर. एका दुकानात नुसत्या कड्या नि हुक, पुढच्यात नुसत्या रिबिनी. एका नगाला एक भाव, तीन घेतले की कमी, डझनाला आणखी कमी. बोलणं सगळं कॅल्क्युलेटरवर. शेजारी पाहुरातला गेलात तर कापडवाले सरदारजी हिंदीत बोलतात.

भुलेश्वरला "क्रीम मोती, चार मिलिमीटर" म्हटलं की समोर एक पुडी येते. तिथे चार मिलिमीटरचे सात क्रीम शेजारी शेजारी टांगलेले होते. पिवळट, गुलाबट, दुधाळ. मी इतकी वर्षं नथीला वापरतेय तो क्रीम राखाडीकडे झुकतो, हे मला तिथे कळलं.

हिशेबनीस:
ताई, वर्णन झकास. आता आकडे टाका. तिकीट किती, राहणं किती, माल किती किलो?

गोंडेवाली:
तिकीट १९ हजार, तीन रात्रींचे ६, खाणं-फिरणं ४. माल अकरा किलो, १४ हजारांचा. व्हिसाला खर्च आला नाही, थायलंडने २०२३च्या नोव्हेंबरपासून आपल्याला तो माफ केला होता.

हिशेबनीस:
म्हणजे २९ हजार भागिले ११. मण्याची किंमत धरायच्या आधीच किलोमागे २६००च्या वर नुसता प्रवास बसला. हे पैसे नथीवर लावणार की सहलीच्या खात्यात टाकणार? बहुतेक जणी सहलीत टाकतात आणि मग "माल स्वस्त मिळाला" म्हणतात. काच जड असते हो. विमानाने आणायची वस्तूच नव्हे ती.

गोंडेवाली:
स्वस्त मिळाला असं मी कुठेच लिहिलेलं नाही, परत वाचा. सात क्रीम बघायला मिळाले म्हणतेय.

नाक्यावरचा:
ते सात क्रीम बँकॉकमध्ये बनत नाहीत. सांपेंगमधला बराचसा माल चीनचा, आणि तोच मशीद बंदरलाही उतरतो. तुमचा दुकानदार एकच पुडी काढतो कारण तुम्ही पाव किलो मागता. त्याच्याकडे सकाळी अकराच्या आत जा, गर्दी नसताना, आणि शेडकार्ड, म्हणजे सगळ्या छटांचं कार्ड, मागा. लोकलच्या रिटर्न तिकिटात काम होईल.

यिवूरिटर्न:
जायचंच तर उगमाला जावं. शांघायहून फास्ट ट्रेनने यिवू, चीनमधला घाऊक बाजार. मी दोनदा गेलोय, हेअर ॲक्सेसरीजसाठी. मी गेलो तेव्हा एकाला एक लागून बाजाराचे पाच भाग, म्हणजे डिस्ट्रिक्ट, ७५ हजारांच्या आसपास गाळे. पहिल्या दिवशी पाय सुजतात आणि तरी एक मजला पुरा होत नाही. पण तिथे मणी हातात घेतलात की पहिला प्रश्न "किती कार्टन?" दोन किलो म्हटलं तर बाई पुन्हा जेवणाचा डबा उघडते. एजंटची टक्केवारी, मग न्हावा शेवापर्यंत जहाज. पाच-सहा जणींनी मिळून ऑर्डर काढली तरच हे जमतं. एकटीने जाऊ नये.

घाटावरचा_एजंट:
कस्टम्सचं काम करतो म्हणून बोलतो, राग नसावा. प्रवाशाच्या बॅगेला जी ड्युटीची सूट असते ती स्वतःच्या वापराच्या वा भेटीच्या वस्तूंना. विकायच्या दागिन्यांसाठी आणलेले अकरा किलो मणी त्यात बसत नाहीत. "हौस आहे" असं सांगून सुटणारे सुटतात, पण पावत्या डझनाच्या असतील तर अधिकाऱ्यालाही वाचता येतं.

धंदा करायचा तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढा. ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अपडेट करायची. मग माल कार्गोने आणा आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सचा कागद, भरा. आणि नुसते मणी वेगळे, तयार नकली दागिने वेगळे, दोन्हींचं वर्गीकरण एक नाही. कमी किंमत दाखवून माल आणतात म्हणून २०२२च्या अर्थसंकल्पात नकली दागिन्यांवर किलोमागे किमान ४०० रुपये ड्युटी लावली, पुढच्या वर्षी ती आणखी वाढवली. "स्वस्त झुमके" आणणाऱ्यांचं गणित तिथेच कोसळतं.

गोंडेवाली:
हे मात्र माझ्या डोक्यातच नव्हतं. पुढच्या वेळी कार्गोच.

काचमणी:
सगळे परदेशाचंच बोलताय. हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलपूरला घरोघरी भट्टीवर काचमणी होतात. तिरुपतीजवळ पापानायडुपेटला वितळलेल्या काचेची लांब पोकळ नळी ओढतात, तिचे बारीक तुकडे करतात, पुन्हा तापवून कडा गोल करतात. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला दोन हजार वर्षांपूर्वी जे मणी व्हायचे, त्याच जातीची ही रीत. सांपेंगची माहिती सगळ्यांना, पापानायडुपेटचं नाव कितीजणींनी ऐकलंय?

गोंडेवाली:
ऐकलंय, आणि मणी मागवलेही होते. सुंदर आहेत. पण दहा मण्यांत दोनांचं भोक अरुंद. नथीत तार एकाच मण्यातून दोनदा जाते. दुसऱ्या फेरीला अडली की ओढताना मणी फुटतो आणि सगळा गजरा उसवायचा. माळेला ते चालतील, नथीला नाही. म्हणून तर जपानी मण्यांना लोक तिप्पट मोजतात, सगळ्यांचं भोक सारखं.

नाक्यावरचा:
बरं, ते सात क्रीम आणले त्यांचं पुढे काय झालं?

गोंडेवाली:
विचारलंतच तर सांगते. गल्लीवर ताडपत्री, दुकानात पांढरी ट्यूब. तिथे जो दुधाळ वाटला तो घरी खिडकीत धरला तर चक्क गुलाबी. अर्धा किलो तसाच डब्यात पडलाय. दाबाच्या नथीत लावून पाहिला, नऊवारीच्या जरीशेजारी प्लॅस्टिक दिसतो.

हिशेबनीस:
म्हणजे २९ हजार भागिले साडेदहा.

गोंडेवाली:
भागा. पण आता दुकानदाराला "क्रीम" म्हणत नाही. मंगळवारी एक मोती पिशवीत घालून भुलेश्वरला गेले आणि म्हटलं, याच्याहून एक घर पिवळा दाखवा. त्याने शिडी लावून वरचा खोका काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

नाक्यावरचा:
अकराच्या आत गेला होतात ना?

गोंडेवाली:
साडेदहाला.