मदत हवी आहे: एलएसडीच्या (लिमिटेड स्लिप डिफरन्शियलच्या) प्लेटा झिजल्यात का, हे हाऊसिंग (त्याचं कवच) न उघडता कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

वडिलांची 2009 ची डिझेल फोर-बाय-फोर जीप अजून आमच्याकडे आहे. मागच्या अ‍ॅक्सलला क्लच प्लेटांचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं), 1 लाख 60 हजार किमी झालेले. मुळशीला शेत आहे आणि शेवटचा चढ निव्वळ लाल मातीचा. पावसाळ्यात आईला घेऊन याच गाडीने जातो, म्हणून फार काळजी वाटते आहे.

गेल्या जुलैत त्या चढावर डावं चाक जागच्या जागी फिरत राहिलं, उजवं ढिम्म. आधी कधी असं झालं नव्हतं. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना मागून कर्र-कर्र आवाज आणि हिसके येतात. गॅरेजवाले म्हणाले, प्लेटांचा सेट गेला, उतरवू. नाना पेठेत फिरलो, सेट तयार मिळाला नाही, मागवावा लागेल. शिवाय क्राऊन-पिनियनला (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरजोडीला) एकदा हात लावला की बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, पुन्हा जुळवावा लागतो. म्हणून आधी बाहेरून तपासलं.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, ट्रान्सफर केस टू-एचवर (फक्त मागच्या चाकांना ताकद), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. डावं मागचं चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावला, उजवं जमिनीवर. चाक काढून स्टडवर बसेल अशी पट्टी भोसरीत वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, मधोमध नट. त्याला टॉर्क रेंच (ठरवलेला पीळ आला की 'कट' वाजणारा पाना) लावला. 40 न्यूटन मीटरवर सेट केला तर 'कट' न वाजताच हब फिरला. मॅन्युअलमधला किमान आकडा याहून बराच जास्त आहे.

आता अडचण अशी, की प्लेटा एवढ्या सुटल्यात तर वळताना हिसके का? मागच्या सर्व्हिसला गॅरेजमध्ये साधं 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल भरलं होतं. उजवा मागचा टायरही कट गेल्यामुळे एकटाच नवा आहे.

प्रतिसाद

दादा, पट्टी मधोमध लावली हे उत्तम केलंत. बरेच जण व्हील नटलाच रेंच लावतात आणि भलताच आकडा धरून बसतात.

हिसके आणि कमी टॉर्क ही दोन वेगळी दुखणी आहेत. प्लेटांवर सतत दाब ठेवणारी स्प्रिंग मऊ पडली किंवा प्लेटा पातळ झाल्या की टॉर्क उतरतो. हिसके येतात ते फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटा सहज सरकू देणारं रसायन) नसलेल्या ऑइलमुळे: प्लेटा धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. वळताना बाजूच्या गिअरचा रेटा प्लेटांवर येतो, म्हणून झिजलेला सेटही आवाज करतो. टायरचा घेर वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही प्लेटा घासत राहतात. तो आधी जोडीने बदला.

ऑइल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावरची बारीक राखाडी चिकट माती चालेल, चकत्या किंवा तुकडे दिसले तर वाट न बघता हाऊसिंग उघडा. एलएसडीचं जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल मॉडिफायरसह भरून मोकळ्या मैदानात दोन्हीकडे आठाच्या आकड्यात सावकाश फिरवा, मग पुन्हा मोजा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: एक चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरच्या चाकालाही ताकद जाते, गाडी जॅकवरून उडी मारते.

धागाकर्ता

मनापासून आभार. टायर जोडीने घेतले, ऑइल बदललं. चुंबकावर नुसती बारीक भुकटी होती. कर्र-कर्र पूर्ण बंद. पण टॉर्क डाव्या बाजूनेही आणि उजव्या बाजूनेही 40 च्या खालीच. दोन्ही मागची चाकं वर घेऊन एक हाताने फिरवलं तर दुसरं उलट फिरतं, साध्या डिफरन्शियलसारखं. म्हणजे सेट गेलाच आहे. प्लेटा मागवल्या, मेअखेर हाऊसिंग उघडतो. पुण्यात बॅकलॅश डायल गेजने मोजून बसवणारा कारागीर कोणाच्या पाहण्यात असेल तर व्यनि करा, जूनच्या आत गाडी तयार हवी आहे.