मदत हवी आहे: चार नव्या टायरपैकी दोन २०२२चे, घ्यावेत का?

१८५/६५ आर १५ मापाचे चार ट्यूबलेस टायर घ्यायचे आहेत, चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. दोघांवर डीओटीच्या ओळीच्या (टायरच्या बाजूवर उठवलेला, ‘DOT’ने सुरू होणारा कोड) शेवटी ०८२५ आहे, म्हणजे २०२५चा आठवा आठवडा. उरलेल्या दोघांवर ३२२२. तारखेसकट पूर्ण कोड बहुधा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेली की गाडीखाली वाकून टॉर्चने शोधावा लागतो, म्हणून रिमवर चढवण्याआधीच चारही पाहिले.

जुन्या जोडीत खोबणीच्या तळाशी किंवा बीडजवळ (रिमला घट्ट बसणारी टायरची कड) भेगा नाहीत. पण माल सावलीत होता की शोकेसच्या उन्हात, ते दुकानदार सांगत नाही. गाडी वर्षाला जेमतेम ५,००० किमी चालते. नक्षी झिजण्याआधी रबरच कडक होणार, त्यामुळे वय इथे फार महत्त्वाचं आहे.

जाणकारांनी सांगावं: जुनी जोडी किती सवलतीत परवडेल, की सरळ नकार द्यावा? घेतलीच, तर पावसात मागची पकड सुटू नये म्हणून २०२५ची जोडी मागे बसवणं बरोबर ना? आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात की उत्पादनाच्या? दुकानदार बिलावर चारही टायरचे आठवडा-वर्ष लिहून देतात का?