प्लाझ्माचा टॉर्च बदलावा की नोझल-इलेक्ट्रोडच नीट बघून घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. जिने, गेट, शेडच्या बेस प्लेट अशी कामं. ६० अँपिअरचं एअर प्लाझ्मा कटिंग मशीन आहे (दाबाच्या हवेतून विजेचा आर्क सोडून धातू कापणारं), एचएफ स्टार्टचं, म्हणजे हाय फ्रीक्वेन्सी ठिणगीने आर्क पेटवणारं, त्याला पी-८० टाइपचा हँड टॉर्च. रोज कापतो ते ६ ते १० मिमी एमएस (माइल्ड स्टील), अधूनमधून एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील).

पाऊस सुरू झाल्यापासून इलेक्ट्रोड (टॉर्चमधला, आर्क जिथून निघतो तो तुकडा) आणि नोझल (आर्क बाहेर पडतो ते भोकाचं टोक) पुरतच नाहीत. नवा सेट लावला की पहिले कट सुरेख निघतात. दुपारपर्यंत कट तिरका जायला लागतो, खाली स्लॅग (वितळून थिजलेला धातू) घट्ट बसतो आणि पोरांचा निम्मा वेळ ग्राइंडरवर जातो. पार्टीला द्यायची तारीख हुकते ती इथेच.

काढलेला सेट उजेडात धरून पाहिला. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफनियम धातूचा ठिपका असतो तिथे खड्डा पडलाय, पण मधोमध नाही, एका अंगाला. नोझलचं भोक लांबट झालंय, आतून काळं आणि जरा ओशट.

एका दुकानदाराचं म्हणणं, टॉर्चच संपला, ब्लो-बॅक टॉर्च घ्या, याच मशीनला चालेल. मुंबईच्या नागदेवी बाजारात एकाने स्वस्तातली नोझलची पिशवी दिली, त्यात १.१, १.३, १.५ मिमी सगळी भोकं मिसळलेली. ६० अँपिअरला यातलं कुठलं? आणि पुढे सीएनसी टेबल (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग टेबल) टाकायचं मनात आहे, तर टॉर्चवर आत्ता पैसे घालावेत का? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, टॉर्चला हात लावू नका, आधी हवा बघा. ओशट काळं नोझल म्हणजे कंप्रेसरचं तेल आणि पाणी टॉर्चपर्यंत येतंय. मशीन बंद करा, मशीनमध्ये हवा येते त्या नळीचा जोड सोडून तिथली हवा पांढऱ्या कागदावर थोडा वेळ सोडा. डाग उमटले की समजलं. मशीनमागचा मॉइश्चर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) फक्त थेंब अडवतो, वाफ तशीच पुढे जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकी रोज ड्रेन करायलाच हवी, आणि जमलं तर रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा थंड करून वाफ काढणारा). त्यात घातलेले पैसे नव्या टॉर्चपेक्षा लवकर वसूल होतात.

खड्डा एका अंगाला पडतो तो हवेला पीळ नीट बसत नाही म्हणून. टॉर्चच्या डोक्यातल्या हवेच्या बारीक वाटा काजळीने बुजल्या आहेत का ते पाहा. खड्डा साधारण १ मिमी खोल झाला की इलेक्ट्रोड टाकून द्या, आणि नोझल त्याच्यासोबतच बदला. जुन्या इलेक्ट्रोडवर नवं नोझल लावलं की तेही लवकर जातं.

भोकाचा आकार मशीनच्या पुस्तकातल्या तक्त्यावरूनच घ्या. करंट जास्त आणि भोक बारीक असेल तर नोझल जळतं. उलट असेल तर आर्क सैल पडतो आणि कट तिरका जातो. ती पिशवी व्हर्नियरने नव्हे, ड्रिलच्या दांड्यांनी मोजून वेगळी करा. पोरं नोझल प्लेटला टेकवून ओढतात का तेही बघा. उघडं नोझल ६० अँपिअरला टेकवायचं नसतं, रोलर गाइड लावून २-३ मिमी अंतर ठेवा. जाड प्लेट शक्यतो कडेपासून कापायला घ्या, मधे भोक पाडताना उडणारा रस थेट नोझलवर बसतो.

ब्लो-बॅक टॉर्च तुमच्या मशीनला लावू नका. त्यात इलेक्ट्रोड नोझलला टेकलेला असतो, हवेच्या दाबाने मागे सरकतो तेव्हा पायलट आर्क, म्हणजे सुरुवातीचा छोटा आर्क, पेटतो. मशीन त्या पद्धतीचंच लागतं. सीएनसीला मात्र तेच बरं, कारण एचएफचा गोंगाट कंट्रोलरला त्रास देतो. टेबल घ्याल तेव्हा मशीन, सरळ मशीन-टॉर्च आणि हाइट कंट्रोल (टॉर्चची उंची आपोआप राखणारं) एकत्रच ठरवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. कागदावर तेलाचे ठिपके स्पष्ट आले. टाकी ड्रेन केली तर गढूळ पाणी बराच वेळ येत राहिलं. ड्रायर किती क्षमतेचा घ्यावा? कंप्रेसर ५ एचपीचा आहे आणि त्याच हवेच्या लाइनवर दोन ग्राइंडरही चालतात.