मदत हवी आहे: अनाथाश्रमात शिकवायला जाते, पण मुलं अनाथ नाहीत (कंबोडिया)

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच सॉरी.

मी नाशिकची, दीड वर्ष झालं सिएम रीपला (अंकोरवाट जिथे आहे ते गाव) एका इंटरनॅशनल शाळेत प्रायमरीला गणित शिकवते. नवरा आणि लेक नाशिकलाच, मी इकडे एकटी, त्यामुळे शनिवार-रविवार अक्षरशः खायला उठतात. ऑगस्टमध्ये एक ओळखीची बाई गावाबाहेरच्या एका अनाथाश्रमात घेऊन गेली, म्हटलं चला, शिकवता येतं, वेळ आहे, तेवढंच पुण्य. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दोन तास जातेय.

पहिल्याच दिवशी फळ्यावर रंगांची नावं लिहायला घेतली तर पोरं एका सुरात रेड ब्लू यलो म्हणून मोकळी. प्राणी पाठ, फळं पाठ, वीसपर्यंत आकडे पाठ. मला वाटलं काय हुशार मुलं आहेत! नंतर ट्यूब पेटली की दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी नवीन व्हॉलंटियर येतो आणि प्रत्येकजण रंगांपासूनच सुरू करतो, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला तेच रंग दहाव्यांदा आणि "मी काल बाजारात गेलो" एवढं काही म्हणता येत नाही.

आणि एक आठेक वर्षांची मुलगी आहे, ती पाच मिनिटांत मांडीवर येऊन बसली, माझ्या बांगड्या मोजल्या आणि विचारलं, "टीचर, हाऊ मेनी वीक?" मला काही कळेना. बाजूच्या मोठ्या मुलाने सांगितलं, ती विचारतेय तू किती आठवडे आहेस. (हे लिहितानाही पोटात कसंतरी होतंय.)

आता मुद्द्यावर येते. एप्रिलच्या मध्यात यांचं नवीन वर्ष असतं, मी खाऊ घेऊन गेले तर आश्रम जवळजवळ रिकामा, चौतीसमधली सहा-सात मुलं फक्त. बाकीची कुठे? तर "गावी". पुढच्या शनिवारी ही मुलगी आली ती नखांना लाल नेलपॉलिश लावून, कोणी लावलं विचारलं तर म्हणे "माक". माक म्हणजे आई! आई पोइपेटच्या बॉर्डरपलीकडे थायलंडमध्ये बांधकामावर जाते, आजी गावात आहे. मग हळूहळू एकेकाला विचारलं तर बहुतेकांचं कोणी ना कोणी आहे. संचालकांना विचारलं तर हसून म्हणाले, गरीब आहेत ना, इथे राहिली की इंग्लिश शिकतात. फलकावर मात्र अनाथाश्रमच, आणि डोनेशनची पेटी गेटलाच.

रात्री बसून वाचलं तर झोपच उडाली. 2005 ते 2010 या पाच वर्षांत इथल्या अशा संस्था 75 टक्क्यांनी वाढल्या, तेव्हा ना युद्ध होतं ना काही, वाढत होते ते टूरिस्ट. 2017 ला आलेल्या सरकार-युनिसेफच्या मोजणीत 406 निवासी संस्था, साडेसोळा हजारांवर मुलं, आणि अभ्यास सांगतात की अशा संस्थांतल्या जवळजवळ 80 टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. म्हणजे आमच्यासारखे हौशी लोक येतात म्हणून मुलं गोळा केली जातात? मग मी नक्की काय करतेय दर शनिवारी?

प्रश्न असा की जाणं एकदम बंद करू का? त्या मुलीला मी "खूप आठवडे" असं सांगितलंय. आणि खरंच काही करायचं असेल तर इथे राहून काय करता येईल? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

फोडणीचा भात: ताई, राग मानू नका पण तुम्ही जास्त विचार करताय. पोरांना दोन वेळचं जेवण मिळतंय, शाळा मिळतेय. आपल्याकडे पण गरिबांची मुलं वसतिगृहात ठेवतातच की. तुम्ही गेला नाहीत तर नुकसान कोणाचं?

नदीकाठची: @फोडणीचा भात, वसतिगृहाला कोणी अनाथाश्रम म्हणून पाटी लावत नाही आणि तिथल्या मुलांना पाहुण्यांपुढे नाचवत नाही, फरक तिथेच आहे.

ताई, मी नॉम पेन्हला (कंबोडियाची राजधानी) सहा वर्षं होते म्हणून लिहिते. तुम्ही टुकटुकच्या मागे ते पोस्टर बघितलं असेल, काचेच्या पेटीत मुलं आणि बाहेर कॅमेरेवाले टूरिस्ट? "मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत" ही फ्रेंड्स-इंटरनॅशनल या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची 2011 ची मोहीम. त्यांचीच चाइल्डसेफ हेल्पलाइन आहे, सिएम रीपलाही चालते. संस्थेत मारहाण, उपासमार किंवा रात्री बाहेरचे लोक राहतात असं काही दिसलं तर थेट त्यांना कळवा, स्वतः डिटेक्टिव्हगिरी करू नका, मुलांनाच त्रास होतो. आणि संस्था रजिस्टर्ड आहे का ते प्रांताच्या समाजकल्याण खात्यात विचारता येतं, 2015 पासून यासाठी नियम कडक झालेत, कोणीतरी ख्मेर (तिथली भाषा) बोलणारं सोबत न्या.

शिकवायचंच असेल तर मुलांना नको, मोठ्यांना शिकवा. तिथल्या सांभाळणाऱ्या बायका, तरुण सोशल वर्कर, यांना इंग्लिश आणि एक्सेल आलं तर रिपोर्ट लिहिता येतात, पगार वाढतो, आणि त्या काही दोन आठवड्यांनी विमान पकडून जात नाहीत.

सोलापुरी: मी एका बालगृहात नऊ वर्षं अधीक्षक होतो, त्यामुळे दोन शब्द. नवीन माणसाच्या मांडीवर पाच मिनिटांत येऊन बसणारं मूल बघून पाहुण्यांना भरून येतं, आमच्या काळजात धस्स व्हायचं. घरातलं मूल आधी आईच्या पदराआड लपतं. जे कोणाकडेही जातं त्याला बरेच जण सोडून गेलेले असतात.

आपल्याकडेही आईबाप असलेली मुलं संस्थेत येतातच, बाप गेला, आई मजुरीला, अशी. पण 2015 च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय, मूल परस्पर ठेवून घेता येत नाही, बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. आणि बालसंगोपन योजनेत मूल घरीच ठेवून महिन्याला 2250 रुपये मिळतात. पैसे वेळेवर येतात का हा वेगळा धागा काढावा लागेल, असो. सांगायचं हे की त्या आजीच्या हातात दरमहा तांदूळ आणि शाळेचे पैसे पडले तर ती मुलगी कदाचित उद्या घरी जाईल. पण तुम्ही थेट पाकीट नेऊन देऊ नका, कुटुंब जोडण्याचं काम करणारी संस्था शोधा आणि तिच्यामार्फत द्या.

जाणं बंद करा, पण गायब होऊ नका, हे मात्र हात जोडून सांगतो. कॅलेंडर न्या. शेवटच्या दिवशी गोल करा, दर शनिवारी मुलांना एकेक खोडायला लावा. "परत येईन" म्हणू नका, येणार असलात तरी.

फोडणीचा भात: मांडीवर बसण्याचं माहीत नव्हतं. शब्द मागे.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः सोलापुरी दादा. काल कॅलेंडर नेलं. जूनच्या शेवटच्या शनिवारी लाल गोल केला आणि ख्मेरमध्ये मोडकंतोडकं सांगितलं की त्यानंतर नेआक क्रू (शिक्षिकेला असं म्हणतात) येणार नाही. मोठ्या मुलांना काहीच वाटलं नाही, त्यांना सवय आहे. ती मात्र उठली, बोटाने चौकोन मोजले, "सेव्हन" म्हणाली आणि परत येऊन वहीत चित्र काढत बसली. मांडीवर नाही बसली.

तिथे स्वयंपाक आणि देखभाल करणाऱ्या तीन बायका आहेत, त्यांना विचारलं, मंगळवारी संध्याकाळी माझ्या घरी इंग्लिशला यायला दोघी तयार आहेत. समाजकल्याण खात्यात पुढच्या आठवड्यात शाळेच्या ऑफिसमधल्या मुलीला घेऊन जातेय.

आता एक नवीन त्रांगडं. संचालकांनी मला आमच्या शाळेतल्या पालकांचा ग्रुप "मुलांना भेटायला" आणायला सांगितलंय, गिफ्ट आणि जेवणासकट, आणि दोन पालक ऑलरेडी उत्साहात आहेत, एकीने तर तीस दप्तरं ऑर्डर पण केली. @नदीकाठची, त्यांना न दुखावता नाही कसं म्हणू? आणि त्या दप्तरांचं काय करता येईल, गावातल्या सरकारी शाळेला चालतील का?