डोस वाढवल्यावरचे पहिले आठवडे कसे गेले? तुमचे अनुभव सांगा

मला एन्झायटीसाठी एस्सिटालोप्राम चालू आहे. १० एमजीवर बराच फरक पडला होता पण सकाळची छातीतली धडधड काही जात नव्हती म्हणून डॉक्टरांनी आता २० केलंय. आणि वाढवल्यापासून उलट जास्तच बेचैनी होतेय, पहाटे जाग येते, तोंड कोरडं, पोटात गोळा. डॉक्टर म्हणाले होतं असं, थोडे दिवस धरून चला, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे, पण पहाटे अंधारात पडल्या पडल्या वाटतं की ह्यातून गेलेल्या कुणीतरी सांगावं. इंदूरात आपल्या घरांमधे बीपी-शुगरच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर असतात आणि ही गोळी कपाटात साड्यांखाली, मग विचारायचं कुणाला? ज्यांनी हा काळ काढलाय त्यांनी लिहा, काय झालं, कधी कमी झालं, घरच्यांनी काय केलं. किती एमजी घ्यायचं हे मात्र कुणी कुणाला सांगू नका प्लीज, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

राजेंद्र नगर, शाळेत शिकवते

ताई, तुमचं वाचून अगदी माझाच पहिला आठवडा आठवला. माझी सर्ट्रालीन, ५० वरून १०० झाली. मळमळ, लूज मोशन, दातावर दात घट्ट आवळले जायचे, आणि वर्गात फळ्यासमोर उभी असताना जांभयांवर जांभया, झोप नाही हं, नुसत्या जांभया. मला वाटलं पोटाचं वेगळंच काही झालं. डॉक्टरांनी नीट समजावलं की ही गोळी ज्या सेरोटोनिनवर काम करते ते शरीरातलं बहुतेक सगळं आतड्यातच असतं, म्हणून पहिला दणका पोटाला बसतो, आणि डोस वाढला की पुन्हा थोडं तसंच होऊ शकतं. मग उपाशीपोटी घेणं बंद, आधी पोहे आणि मग गोळी, चहा सकाळचा एकच. पोटाचं आठवडा-दीड आठवड्यात निवळलं. घबराट कमी व्हायला मात्र महिना तरी गेला, आणि ती कमी झाली ते मला कळलंच नाही. मुलगी क्लासवरून उशिरा आली, भंवरकुआँचा ट्रॅफिक तुम्हाला माहितीये, आणि ती हातपाय धुवून जेवायला बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आज एकदाही गॅलरीत गेले नाही, फोन केला नाही. आधी मी दहा-दहा मिनिटांनी फोन करायचे. सासूबाईंनी सुरवातीला घाबरून विचारलं होतं की सूनबाईला बाणगंगेच्या मेंटल हॉस्पिटलमधे दाखवावं लागेल का, त्यांच्या पिढीला तेवढंच माहीत. आता त्याच रोज विचारतात, गोळी झाली का गं.

भंवरकुआँला रूम घेऊन राहतो, पीएससीची तयारी

माझं सोपं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. वय २२. फ्लूओक्सेटीन २० ची ४० केली आणि काही दिवसांतच एका जागी बसवेना, पाय सारखे हलत, आतून कुणी ढकलतंय असं, आणि मग जगायलाच नको असे विचार यायला लागले जे आधी कधी नव्हते. डॉक्टरांनी डोस वाढवतानाच दादाला फोनवर सांगून ठेवलं होतं की २५ च्या आतल्या मुलांमधे सुरवातीला आणि डोस बदलताना असं होऊ शकतं, लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्यामुळे मी बोललो तेव्हा दादा घाबरला नाही, रात्रभर रूमवर थांबला. आम्ही टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला, १४४१६, फुकट आहे आणि चोवीस तास, हिंदीत शांतपणे बोलले, आणि सकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी डोस खाली आणला, पुढे सावकाश वाढवला. आता ठीक आहे. बेचैनी सहन करा असं सगळे सांगतात पण असे विचार आले तर सहन करायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं.

टिळक नगर

मला वाढीव डोससोबत पहिले काही दिवस क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट शांत करून झोप आणणारी गोळी, दिली होती रात्री, अगदी कमी. झोप लागली. डॉक्टरांनी पर्चावरच लिहून दिलं होतं कधी कमी करायची, कधी बंद, कारण तिची सवय लागते.

हे कुणी लिहित नाही म्हणून मी लिहितो

लग्नाला बरीच वर्षं झालीत. डोस वाढल्यावर इच्छाच गेली, आणि बाकी गोष्टींनाही फार वेळ लागायला लागला. बायकोला वाटलं मी तिच्यापासून लांब जातोय. मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले ह्या गोळ्यांचा हा कॉमन साइड इफेक्ट आहे, उपाय आहेत, पण पेशंट बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडून देतात. पुढच्या वेळी बायकोला सोबत नेलं, तिच्यासमोर त्यांनी परत सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. माझी गोळी नंतर बदलली.

लोकमान्य नगर, आईबद्दल

आईची एस्सिटालोप्राम ५ ची १० केली, सत्तरीच्या पुढच्यांना सहसा १० च्या वर नेत नाहीत म्हणे. थोड्या दिवसांनी ती चालताना तोल जायला लागली, डोकं दुखे, एकच गोष्ट परत परत विचारायची. नातेवाईक म्हणाले वय झालं आता. पण आईचं वय एका आठवड्यात कसं होईल? रक्त तपासलं तर सोडियम खूप खाली. म्हाताऱ्या माणसांमधे ह्या गोळ्यांनी तसं होऊ शकतं, आणि तिला बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी पण चालू होती, दोन्हींचं मिळून झालं. दोन-तीन दिवस अॅडमिट, औषधं बदलली, आई परत आपली आई झाली. ज्यांच्या घरी वयस्क माणूस आहे त्यांनी डॉक्टरांना सोडियमबद्दल विचाराच.

अन्नपूर्णा रोड

माझी व्हेनलाफॅक्सीन. पुण्याला लग्नाला जाताना ट्रेनमधे बॅग गेली, गोळ्या त्यातच. दुसऱ्या दिवशी चक्कर, आणि मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, मांडवात उभं राहवेना. मेडिकलवाल्याने पर्चाशिवाय दिली नाही, आणि बरोबरच होतं त्याचं. वहिनीने इथून पर्चाचा फोटो पाठवला तेव्हा मिळाली, आणि झटके त्यानंतर लवकरच थांबले. फोटो मोबाइलमधे ठेवा.

धागा काढणारी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नवऱ्याला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, भंवरकुआँवाल्या मुलाचं दोनदा. पहाटेची जाग अजून आहे, गोळी रात्रीची सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारणार आहे. लोकमान्य नगरवाल्या ताई, माझ्या आईला पण हीच गोळी आहे, सोडियमची टेस्ट उपाशीपोटी करावी लागते का?

लोकमान्य नगर

नाही, उपाशी लागत नाही, केव्हाही होते. जाताना आईच्या बीपीचा पर्चा पण सोबत न्या, डॉक्टर तो आधी मागतील.