मदत हवी आहे: एमजीबी ठेवावी की टीआर६?

नमस्कार. मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो. माझ्याकडे १९७२ची एमजीबी रोडस्टर आणि १९७३ची ट्रायम्फ टीआर६ अशा दोन जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या आहेत. नव्या घराला एकाच गाडीचे गॅरेज असल्याने त्यांतली एक विकणे भाग आहे. १७९८ सीसीच्या एमजीबीचे सुटे भाग सहज मिळतात आणि तिचे दोन्ही कार्ब्युरेटर मी स्वतःच जुळवतो. टीआर६च्या अडीच लिटरच्या, सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा आवाज मात्र ऐकतच राहावा असा आहे (शिवाय ती याच शहरात बनली, हा मोह वेगळाच). तिच्या चासीला (बॉडीखालच्या पोलादी सांगाड्याला) मागच्या चाकांपाशी गंज धरला असून स्क्रूड्रायव्हर टोचला की पापुद्रे निघतात. वेल्डिंगचा खर्च सोसून ती ठेवावी, की आहे त्या स्थितीत विकावी? ज्यांनी अशी चासी दुरुस्त करून घेतली, त्यांना बॉडी पूर्ण उतरवावी लागली का, हे कृपया कळवावे.